अठराव्या ग्रीनवरचा दंड

मास्तरांनी आयुष्यात एकच मोठी स्पर्धा जिंकली होती, आणि ती त्यांनी जिंकली हे त्यांच्याखेरीज कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

तसं म्हणायला चषकावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. क्लबहाउसच्या काचेच्या कपाटात तो चषक आजही आहे, ज्याला पाहिजे त्याने जाऊन बघावा. पण कपाटाच्या वर भिंतभर जो फोटो लावलाय तो मास्तरांचा नाही. तो हरलेल्या माणसाचा आहे. एक उंच, सडपातळ खेळाडू बॉलपाशी उभा आहे आणि डावा हात वर करून पंचाला बोलावतोय. त्याच्या मागे फोटोच्या कडेला कुणाचा तरी एक खांदा आणि अर्धी टोपी दिसते. ती टोपी मास्तरांची. जिंकलेल्या माणसाची त्या भिंतीवर एवढीच सोय केलेली आहे.

ज्यांनी गोल्फ कधी पाहिला नाही त्यांना एवढं सांगायला हवं, की या खेळात प्रत्येक खेळाडूच्या पाठीमागे पंच फिरत नाही. मैदान एवढं पसरलेलं असतं की कोण कुणावर नजर ठेवणार? म्हणून ज्याची चूक त्यानेच सांगायची आणि दंडही त्यानेच स्वतःवर लावून घ्यायचा, अशी रीत आहे. जोडीने खेळणारे एकमेकांचे शॉट मोजतात, आणि ज्याचे कमी तो जिंकतो. आणि मारायच्या तयारीत उभं राहिल्यावर बॉल जागचा हलला तर एक शॉट दंड, हा त्या काळचा नियम.

तर त्या वर्षी शेवटच्या दिवशी, शेवटच्या म्हणजे अठराव्या होलवर, मास्तरांचा खेळ संपला होता. मास्तर तेव्हा मास्तर नव्हते, एक बऱ्यापैकी खेळाडू होते. दिवसभर वारा पिसाटल्यासारखा वाहत होता, भलेभले झाडीत गेले होते, आणि या गृहस्थांचं नशीब फळफळलं होतं. त्यांच्या जोडीला खेळत होता तो त्या वेळचा सगळ्यांत मोठा खेळाडू. त्याच्यासमोर ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कातरलेल्या गवतावर, एक पट, म्हणजे बॉल होलमध्ये हलकेच सरकवायचा फटका, उरला होता. जेमतेम दीड हाताचा. तो गेला असता तर दोघांची बरोबरी झाली असती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंच पुन्हा अठरा होल खेळले असते.

तो बॉलपाशी उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग सरळ झाला, हात वर केला आणि म्हणाला, "बॉल हलला. माझ्यावर एक शॉट लावा."

कुणीच काही पाहिलं नव्हतं. पंच धावत आला. "नक्की?" त्याने विचारलं. "नक्की." मग त्या माणसाने तोच पट शांतपणे मारला, बॉल होलच्या मधोमध पडला, आणि तो एका शॉटने स्पर्धा हरला. प्रेक्षकांत लोक डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांनी त्याला 'साधू' म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे त्याचं खरं नावही मागे पडलं. खेळाच्या इतिहासातले थोर क्षण सांगायला कुणीही बसलं की अठरावं ग्रीन येतंच. त्यात जिंकलं कोण, हे बहुतेक जण सांगायचं विसरतात. एका जाड पुस्तकात तर मास्तरांचा उल्लेख 'प्रतिस्पर्धी' असा आहे. पुस्तक मास्तरांनीच पदरचे पैसे घालून विकत घेतलं होतं.

पण मास्तर त्या वेळी तिथे तीन-चार पावलांवर उभे होते, आणि बॉल हलला नव्हता.

त्यांनी दुसरं काही पाहिलं होतं. चौदाव्या होलपासूनच त्यांच्या लक्षात आलं होतं की या थोर माणसाचं मनगट पटच्या वेळी आपोआप झटका खातंय. गोल्फवाले या दुखण्याचं नाव मोठ्याने घेत नाहीत, घेतलं तर आपल्यालाच लागेल म्हणून घाबरतात. चांगल्या हाताचे खेळाडू या झटक्याने आयुष्यातून उठलेले आहेत. दीड हाताचा पट, लहान पोरानेही घालावा असा, आणि हात ऐकत नाही. सगळं जग बघतंय. अशा वेळी स्वतःवर दंड लावून घेतला की तो पट फुकटचा होतो. घातला काय न घातला काय, हरायचंच आहे. आणि फुकटचा पट कुणीही घालतो.

म्हणजे साधू भ्याला होता. देवमाणूस म्हणून ज्याचं नाव झालं तो त्या दिवशी पळून गेला होता, आणि पळालेल्या माणसाविरुद्ध जिंकल्याचा ठपका मास्तरांच्या कपाळी आला होता. हे त्यांनी बायकोखेरीज कुणाला सांगितलं नाही. बायको म्हणाली, "तोंड उघडू नका, लोक म्हणतील हा जिंकूनही जळतोय." ते खरंच होतं. मग मास्तर कंपन्यांच्या साहेबलोकांना गोल्फ शिकवत राहिले, बायको गेली, गुडघे गेले, आणि दरवर्षी स्पर्धेच्या पहिल्या सकाळी मानाचा पहिला बॉल मारायला दोघा म्हाताऱ्यांना बोलावलं जाऊ लागलं. साधूने मारला की टाळ्यांचा कडकडाट. मास्तरांनी मारला की टाळ्या. हा फरक मास्तरांच्या कानांना बरोबर कळायचा.

या वर्षी क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला. साधूच्या नावाने प्रामाणिकपणाचं एक पारितोषिक सुरू करायचं ठरलं होतं, आणि ते मास्तरांच्या हस्ते द्यायचं होतं.

"आणि दोन शब्द बोला, मास्तर. तुम्ही तर प्रत्यक्ष साक्षीदार!"

"दोन शब्द पुरतील का?" मास्तर म्हणाले. सेक्रेटरी खो खो हसला. त्याला काय कळणार होतं.

फोन ठेवला तेव्हा मास्तरांचं ठरलेलं होतं. बोलायचं. मरायच्या आधी एकदा तरी तो चषक स्वतःचा म्हणून हातात घ्यायचा. पण एकट्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? साधूच्या तोंडून एकदा वदवून घेतलं पाहिजे. आणि साधू विसरायला लागलाय असं कानावर आलं होतं. सगळंच पुसून जायच्या आत गाठायला हवं होतं. माणूस बुडत असताना त्याचे खिसे चाचपायला निघाल्यासारखं हे आहे, असं मास्तरांना वाटलं, लाजही वाटली. तरी ते निघाले.

साधू मुलीकडे राहत होता, तिसऱ्या मजल्यावर. मुलगी कपडे दुरुस्त करून द्यायची. पुढच्या खोलीतच तिचा कारखाना होता. खिडकीपाशी शिलाई मशीन, दांडीवर टाचण्या लावलेल्या परक्या लोकांच्या विजारी, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल, आणि जमिनीवर झिजलेला हिरवा गालिचा. पन्नाशीची बाई, गळ्यात मोजपट्टी. लहानपणी तिला मास्तरांनी खांद्यावर बसवून मैदान दाखवलं होतं.

"या काका," ती म्हणाली. "ओळखतील असं नाही हं."

साधू खुर्चीत बसला होता. त्याने मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अदबीने विचारलं, "मीटर बघायला आलात का? मीटर जिन्याखाली आहे."

"अरे, मी आहे! वाऱ्याचा दिवस आठवतो का? अठरावं ग्रीन?"

"वारा फार आहे," साधूने मान्य केलं. "खिडकी लावून घ्या, बाई." हे तो मुलीला म्हणाला. मुलीने खिडकी लावली. ती लावलेलीच होती, तिने उघडून पुन्हा लावली.

मास्तरांनी चहा घेता घेता आणखी दोन-तीनदा खडा टाकून पाहिला. पंचाचं नाव काढलं, चषकाचं काढलं. साधू हसून मान डोलवत होता, पाहुण्याचं मन राखावं तसा. मास्तरांना हळूहळू कळून चुकलं की आपण उशिरा आलो. गेली कित्येक वर्षं रोज येता आलं असतं, आणि आलो ते आज. त्यांना रडावंसं वाटलं, आणि ते रडणं साधूसाठी नव्हतं.

"थांबा, तुम्हाला एक दाखवते," मुलगी म्हणाली. तिने दाराआडून जुना पटर, पट मारायची काठी, काढला, गालिच्याच्या एका टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवला आणि दुसरीकडे बॉल.

साधूला तिने हाताला धरून उठवलं आणि पटर त्याच्या हातात दिला. त्या क्षणी तो म्हातारा कुठल्या कुठे गेला. पाठ ताठ झाली. बोटं एकेक करून दांड्यावर बसली, जशी बसायची तशीच. मास्तरांना जुना हेवा वाटला. हा माणूस किती सुंदर उभा राहायचा! आपल्याला तसं कधीच जमलं नाही आणि आपण लोकांना तेच शिकवत पोट भरलं.

साधू बॉलकडे बघत राहिला. मग त्याचं उजवं मनगट थरथरलं. एकदा, दोनदा. त्याने श्वास सोडला, सरळ झाला आणि डावा हात वर केला.

"बॉल हलला. माझ्यावर एक शॉट लावा."

आणि मग खाली वाकून अगदी सहज, गार हाताने त्याने बॉल पेल्यात घातला. पेला टणकन वाजला.

"रोज असंच," मुलगी म्हणाली. "आईचं नाव गेलं, माझं गेलं. हे राहिलं. शेजारच्या आजी बघायला येतात आणि रडतात."

मास्तर गालिच्याकडे बघत होते. बॉल तसूभरही हलला नव्हता. ज्यासाठी ते आले होते ते त्यांना मिळालं होतं, तेही न विचारता. आणि त्यांना आनंद झाला. हे लपवण्यात काही अर्थ नाही. समोर एक माणूस आतून विझत चालला होता आणि मास्तरांच्या छातीत आनंद मावत नव्हता. हे सेक्रेटरीला आणून दाखवायचं, सगळ्यांना दाखवायचं, असे बेतही त्यांच्या मनात शिजायला लागले.

मुलीने वडिलांना आतल्या खोलीत नेऊन निजवलं, दार ओढून घेतलं आणि परत येऊन मशीनसमोर बसली.

"काका, एक विचारू?"

"विचार ना, बाळ."

तिने खडूचा तुकडा उचलला, कापडावर खुणा करायचा, चपटा, निळा. "महिनाभर झाला. ते उभे राहायच्या आधी मी बॉलला टेकून गालिच्यावर रेघ ओढते. त्यांचा हात वर झाला की रेघ बघते." तिने बोटाने दाखवलं. हिरव्या लोकरीत निळ्या रेघांची गिचमिड झाली होती. "बॉल रेघेवरच असतो. रोज."

मास्तर रेघा बघायला वाकले.

"त्या दिवशी हलला होता का?"

हा प्रश्न ऐकायला मास्तर अर्धं आयुष्य थांबले होते. तो विचारणारं माणूस मात्र त्यांनी वेगळं कल्पिलं होतं. कुणी पत्रकार, कुणी इतिहासकार, हातात टेपरेकॉर्डर घेतलेला.

"कशाला उकरून काढायचं आता?" ते म्हणाले.

"कशाला ते सांगते. मी मोठ्या शिवणघरात होते ना, मुख्य कारागीर? लग्नाचा एक झगा होता. आतल्या बाजूला माझ्या कात्रीने चीर गेली. अस्तराच्या आत, कुणाला जन्मात दिसली नसती. मी मालकिणीकडे जाऊन स्वतःहून सांगितलं. तिने मला घालवलं, वर गावभर सांगितलं की हिच्या हातात कापड देऊ नका. घरी येऊन बाबांना सांगितलं तर त्यांनी पाठ थोपटली. म्हणाले, माझी शोभतेस. मला इतकं बरं वाटलं, काका. तेव्हापासून मी परक्यांच्या विजारी आखूड करतेय." ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. माप सांगावं तसं सांगत होती. "नवरा म्हणायचा, तुम्ही बापलेक दोघंही वेडे. तोही गेला सोडून. म्हणून विचारतेय. हलला होता का?"

'हलला होता' म्हणणं किती सोपं होतं. मास्तरांच्या ओठांवर ते आलंही. पण इतकी वर्षं ज्याचं ओझं वाहिलं ते टाकायची जागा समोर दिसत होती, आणि माणूस दमलेला होता.

"नाही हलला," ते म्हणाले.

तिने मशीनचं चाक हाताने एकदा फिरवलं, सुई खाली गेली आणि वर आली. मास्तर वाट बघत होते, आता रडेल, आता ओरडेल. मग तेच बोलत सुटले. चौदाव्या होलपासूनचं सगळं. मनगटाचा झटका, फुकटचा पट, वर्तमानपत्रं, पुस्तकातला 'प्रतिस्पर्धी'. इतकं लक्ष देऊन त्यांचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. "भ्याला गं तो," ते शेवटी म्हणाले. "वाईट नव्हता. भ्याला. माणूसच आहे. पण माझं काय झालं ते कुणी बघितलं नाही."

"तुम्ही किती लांब होतात?"

"तीन-चार पावलं. जास्त नाही."

"त्यांचे शॉट तुम्हीच मोजत होतात ना?"

"हो. तशी पद्धतच असते."

"मग पंचाने 'नक्की?' म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही का नाही म्हणालात? मी इथे उभा आहे, मी बघतोय, हलला नाही म्हणून?"

"अगं, त्या वेळी..." मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न सोडून सगळे प्रश्न स्वतःला विचारले होते.

म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिथे उभ्या उभ्या, डोक्यावरची टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून धरलेली असताना, त्यांनी त्याचा हिशेब केला होता. मोजणाऱ्याने स्वतः नाही म्हटल्यावर पंचाला दंड लावणं जड गेलं असतं. साधूला पट मारावा लागला असता. तो गेला असता तर उद्या सकाळी अठरा होल. आणि वारा पडलेल्या सकाळी या माणसासमोर आपण सहा होलही टिकलो नसतो. त्या दोन श्वासांत मास्तरांना चषक दिसला होता, आणि तो गप्प राहण्यात होता. साधू दीड हाताला भ्याला होता. मास्तर उद्याच्या सकाळला भ्याले होते.

"मला जिंकायचं होतं," ते म्हणाले.

मुलीने मान हलवली. "त्यांना मारावा लागला असता."

"हो."

"कदाचित गेला नसता."

"कदाचित."

"मग हरून घरी आले असते. हात कापतो म्हणून हरले असते. लोक हसले असते चार दिवस." तिने गालिच्याकडे बघितलं. "मला चाललं असतं, काका. असा बाप मला चालला असता."

आतल्या खोलीतून साधूचा घोरण्याचा आवाज येत होता. मास्तरांना वाटलं काहीतरी केलं पाहिजे, लगेच, आत्ताच. "मी तिथे सगळं सांगतो," ते म्हणाले. "पारितोषिकाच्या वेळी. त्याचंही आणि माझंही. दोघांचं."

"नाही," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "अजिबात नाही. त्यांना काही कळायचं नाही, तुमचं मन हलकं होईल, आणि मी? मला याच रस्त्यावरून दूध आणायचंय. साधूची मुलगी म्हणून लोक मला कापड देतात, त्यात एक इंच मी चोरणार नाही म्हणून. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

"मग मी तिथे काय बोलू?"

"बोला काय बोलायचं ते. बाबा थोर होते म्हणा. आपल्या हाताने द्या ते पारितोषिक, दरवर्षी द्या." तिने दांडीवरची एक विजार ओढून मशीनवर घेतली आणि टाचण्या काढायला लागली. "तेव्हा स्वतःसाठी गप्प बसलात ना? आता माझ्यासाठी बसा."

मास्तर "बरं" म्हणाले. ते उठले, दारापाशी गेले, स्टुलावर टेकून बूट चढवले आणि नाडी बांधायला वाकले. नाडी काही केल्या त्यांना बांधता येईना. मुलीने थोडा वेळ बघितलं, मग विजार बाजूला ठेवून ती आली, त्यांच्यापुढे खाली बसली आणि वडिलांची बांधायची तशी त्यांची नाडी घट्ट बांधून दिली.